पुस्तकांसाठी पाच स्टार, कारभारासाठी दोन

तालुक्याच्या गावातलं आमचं सार्वजनिक वाचनालय, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. बाजारपेठेत माझं शिवणकामाचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मशीनशेजारी हमखास इथलंच पुस्तक उघडलेलं असतं. मी इथली साधारण सभासद, म्हणजे अनामत ठेवून महिन्याच्या वर्गणीवर पुस्तकं नेणारी.

सेवा उत्तम आहे. चरित्रं आणि प्रवासवर्णनं भरपूर, नवी पुस्तकंही वेळेवर येतात. मागितलेलं पुस्तक बाहेर गेलेलं असेल तर ग्रंथपाल बाई वहीत नाव लिहून घेतात आणि ते परत आलं की फोन करतात, "ताई, तुमचं पुस्तक काढून ठेवलंय." दिवाळी अंकांची योजना तर घ्याच. एकदा पैसे भरले की पार शिमग्यापर्यंत एकेक अंक घरी येत राहतो. एमपीएससीच्या मुलांसाठी अभ्यासिका आहे आणि तिथे खरोखर शांतता असते. जिना मात्र उभा आहे. गुडघेदुखी असलेल्यांना खाली पुस्तक आणून देतात, फक्त आधी सांगावं लागतं.

वाचनालय सरकारी वर्गवारीत 'ब' वर्गातलं आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळतं, पण तेवढ्यावर भागत नाही. कार्यकारिणीतले सगळे विनामोबदला राबतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सुट्टीच्या दिवशी आम्ही काही वाचक फाटक्या पुस्तकांना खळ लावून बांधणी करायला जमतो. तेव्हा आमच्यात साधारण कोण आणि आजीव, म्हणजे एकदम रक्कम भरून कायमचा सभासद झालेला कोण, हे कुणी विचारत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेत मात्र विचारतात. वाचनालयाच्या घटनेप्रमाणे, म्हणजे संस्थेच्या नियमावलीप्रमाणे, मत फक्त आश्रयदाते (मोठी देणगी देणारे) आणि आजीव सभासदांना. यंदा आम्ही साधारण सभासदांनी सह्या करून मताच्या हक्काचा ठराव दिला, तर अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही बसा, ऐका, सूचनाही करा. पण मतदानाच्या वेळी हात वर करू नका." सर आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे. म्हणून उभी राहून एवढंच म्हणाले, "सर, वर्गणी वाढवायची की नाही हे ठरवताना वर्गणी भरणाऱ्यालाच मत नाही, हे कसं पटवून घेऊ?"

आजीव सभासदांची यादी मागवून पाहिली. कित्येक जण पुण्या-मुंबईला गेलेले, काही परदेशात. काही तर हयातच नाहीत, तरी नावं यादीत तशीच. त्यामुळे दरवर्षी गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, होत नाही. सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, आहेत तेवढ्यांवर घ्यायची. मागच्या बाकांवर आम्ही वाचक बसलेले असतो, पण मोजले जात नाही.

कार्यकारिणीचं म्हणणं खोटं नाही. निवडणुकीच्या तोंडावर कुणीतरी गठ्ठ्याने पावत्या फाडायचा, आपली माणसं सभासद करायचा आणि जागेसकट संस्था ताब्यात घ्यायचा. ही भीती मलाही आहे. त्यावर आमचा ठराव असा, की सलग तीन वर्षं वर्गणी भरलेली हवी आणि त्या तिन्ही वर्षी देवघेव रजिस्टरात पुस्तक नेल्याची नोंद हवी. पैसे एका दिवसात भरता येतात, तीन वर्षांचं वाचन रातोरात उभं करता येत नाही. वाचनालयाचा मतदार ओळखायला देवघेव रजिस्टरापेक्षा चांगली यादी कुठली?

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचं कलम १५ वकिलांकडून समजून घेतलं. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे, त्याला मत नाही, असं ते सांगतं. आमची वर्गणी थकलेली नाही. तरी कुठल्या वर्गाला मत द्यायचं हे संस्थेची घटनाच ठरवते, म्हणून बदल घटनेतच करावा लागेल. तो करणं मत असलेल्यांच्या हातात आहे, आणि घोडं तिथेच अडलंय. सभेने ठराव फेटाळला नाही, 'अभ्यासासाठी' उपसमितीकडे दिला. उपसमितीत एकही साधारण सभासद घेतलेला नाही, आणि याच गोष्टीसाठी मी स्टार कापलेत.

नव्याने नाव घालणाऱ्यांनी काउंटरवर घटनेची प्रत मागावी. नाही मिळाली तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करून, फी भरून नक्कल काढता येते. ऐपत असेल तर आजीव सभासदत्वाची रक्कम एकदम भरा. माझ्यासारखीला ती एकदम जमत नाही, आणि हप्त्यांची सोय अजून नाही. ही सोय झाली तरी अर्धा प्रश्न सुटेल. तशी लेखी मागणी मी दिली आहे आणि पोच घेतली आहे.

वर्गणीची पावती दर वेळी मागून घ्या आणि जपून ठेवा. पुस्तक नेताना रजिस्टरात तारीख नीट पडली का, तेही बघा. ठराव पास झाला तर तुमचा मताचा हक्क त्याच नोंदीवर ठरणार आहे.