रॉयल ग्रामा सांगून मला दुसराच मासा विकला

खाऱ्या पाण्याची पहिली टाकी लावताय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला हे वेळेत कुणी सांगितलं असतं, तर माझा फायरफिश आज जिवंत असता.

माझी टाकी दीडशे लिटरची. घाई मी अजिबात केली नव्हती. लाइव्ह रॉक (पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू असलेले समुद्री दगड) रचून सहा आठवडे एकही मासा न सोडता पाणी फिरवत ठेवलं. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तेव्हा ऑसेलारिस क्लाऊनफिशची (नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या छोट्या माशांची) जोडी आणली आणि महिन्याभराने एक फायरफिश. पुढे फिकट, शेपटीकडे निखाऱ्यासारखा लाल होत जाणारा, पाठीवर काठीसारखा उभा पर. स्वभाव इतका भित्रा की काचेवर बोट टेकलं तरी बिळात. त्याच्या सोबतीला शांत मासाच हवा होता. खूप वाचून नाव ठरवलं: रॉयल ग्रामा. हा कॅरिबियन समुद्रातला मासा. पुढचं अर्धं अंग जांभळं, मागचं पिवळं, आठेक सेंटीमीटरपर्यंत वाढतो, कपारीच्या छताला पोट लावून उलटा पोहतो. बिळापाशी कुणी आलं तर तोंड वासून दाखवतो, पण सहसा कुणाच्या पाठी लागत नाही.

दुकानात गेले तर जांभळा-पिवळा मासा समोरच होता. मी विचारलं, "हा रॉयल ग्रामा ना?" दुकानदार म्हणाला, "हो, रॉयल ग्रामाच. एकच उरलाय, संध्याकाळी एक जण घेऊन जाणार आहे." भावही त्याने ग्रामाचाच लावला. त्या टाकीवर फक्त निळा दिवा होता. मासा पिशवीत आला तेव्हा भेदरलेला, रंग फिका पडलेला, पर अंगाला चिकटवून बसलेला. बिलावर लिहिलं होतं "सागरी मासा, १ नग". त्या ओळीकडे मी तेव्हा लक्षच दिलं नाही.

पहिल्या रात्री तो दगडांत शिरला. दुसऱ्या दिवशी फायरफिशच्या शेपटीचा तुकडा गेलेला दिसला. मला वाटलं, दगडाला घासली असेल. पुढचे दोन दिवस फायरफिश वरच्या कोपऱ्यात पंपाच्या नळीमागे उभा राहिला, खायलाही खाली आला नाही. चौथ्या सकाळी तो कपाटामागे जमिनीवर वाळलेला सापडला. फायरफिश घाबरला की उडी मारतो हे मला माहीत होतं, म्हणूनच झाकण बसवलं होतं. नळीसाठी सोडलेली दोन बोटांची फट मात्र त्याला पुरली. ती फट जाळीने बंद करायला हवी होती, ही चूक माझी. पण रात्रंदिवस त्याच्या मागे लागणारा मासा त्या टाकीत असायलाच नको होता.

त्या दिवशी मी पांढरा दिवा लावून नव्या माशाचे फोटो काढले आणि ग्रामाच्या फोटोंशेजारी ठेवून पाहिले. खऱ्या ग्रामाचा जांभळा रंग पिवळ्यात हळूहळू मिसळतो, मध्ये ठिपक्याठिपक्यांचा पट्टा दिसतो. माझ्या माशाचे दोन रंग पात्याने कापल्यासारखे सरळ रेषेत वेगळे झाले होते. ग्रामाच्या पाठीवरच्या पराच्या पुढच्या भागात काळा ठिपका असतो आणि डोळ्यातून एक गडद रेघ जाते. इथे दोन्ही नव्हतं. ग्रामाचे पर रंगीत असतात, याचे जवळजवळ पारदर्शक होते. हा होता रॉयल डॉटीबॅक, पश्चिम प्रशांत महासागरातला. दिसायला ग्रामाचा जुळा, पण स्वभावाने पक्का मारका: छोट्या टाकीत भित्र्या माशांना जगू देत नाही, लहान कोळंब्याही खातो. काही ठिकाणी तो 'फॉल्स ग्रामा' या नावानेही विकतात. या नावातला पहिला शब्द गाळला की फसवणूक पूर्ण होते.

फोटो घेऊन दुकानात गेले. दुकानदार आधी म्हणाला, मासा लहान आहे, मोठा झाला की ठिपका येईल. हे साफ खोटं आहे, डॉटीबॅकला तो ठिपका कधीच येत नाही. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवले तेव्हा त्याचा सूर बदलला: "नवीन लोकांना काय कळतंय, दोघांना सगळे ग्रामाच म्हणतात." म्हणजे फरक त्याला ठाऊक होता. परत घ्यायला सांगितलं तर म्हणाला, जिवंत माल परत होत नाही, आणि बिलावर ग्रामा कुठे लिहिलंय? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आता बिलावर माशाचं शास्त्रीय नाव लिहून घेतल्याशिवाय मी पैसे देत नाही. ग्रामा असेल तर 'ग्रामा लोरेटो', डॉटीबॅक असेल तर 'पिक्टिक्रोमिस पॅकाग्नेले'. बोलीतली नावं हवी तशी फिरवता येतात, ही दोन नाही. दुकानातला निळा दिवा बंद करून पांढरा लावायला सांगते, मासा पर उघडेपर्यंत थांबते आणि माझ्यासमोर खायला घालायला लावते. "शेवटचा नग आहे" असं ऐकलं की आता मी त्या दिवशी काहीच घेत नाही.

हाच खेळ इतर माशांबाबतही होतो. 'क्लाऊनफिश' म्हणून मरून क्लाऊनचं पिल्लू देतात. त्याच्या डोळ्याखाली गालावर काटा असतो, मादी पंधरा सेंटीमीटरच्या पुढे जाते आणि टाकी स्वतःच्या मालकीची समजते. काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेलं डॉमिनो डॅमसेल पिल्लूपणी फार गोंडस दिसतं, मोठेपणी सगळ्यांना पळवून लावतं. बांगाई कार्डिनल घेणार असाल तर टाकीत पैदास केलेलाच मागा. तो खरंच शांत असतो, आणि इंडोनेशियातल्या ज्या बेटांभोवती तो मूळचा आहे तिथे त्याची संख्या पकडून पकडून घटली आहे.

चुकीचा मासा आधीच टाकीत गेला असेल तर जाळ्याने पकडायच्या नादी लागू नका. दगड ढासळतात, प्रवाळ मोडतात. मी प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवला, आत खाणं ठेवलं आणि बाटली त्याच्या बिळासमोर टेकवली. क्लाऊनफिश दोनदा आत शिरले, त्यांना सोडून दिलं. नवव्या दिवशी डॉटीबॅक सापडला. त्याला समुद्रात सोडायचा विचारही करू नये. जिथला मासा नाही तिथे तो गेला की तिथल्या माशांना त्याचा उपद्रव होतो. माझा डॉटीबॅक आता वेगळ्या छोट्या टाकीत एकटा राहतो आणि चिमट्यातून खातो. त्याच्यावर माझा राग नाही, तो त्याच्या स्वभावानेच वागत होता. मोठ्या टाकीतली फट मी जाळीने बंद केली आहे. फायरफिशची जागा अजून रिकामीच आहे.