टी ट्री तेल: माल चांगला, ड्रॉपर भिकार

टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या (चहाच्या नव्हे) पानांतून वाफेने काढलेल्या या तेलात बुरशीशी मुख्यतः टर्पिनेन-४-ऑल झुंजतं, तिच्या पेशीचं आवरणच खिळखिळं करतं. आयएसओ ४७३० या तेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते किमान ३५ टक्के हवं, सिनिओल हा दुसरा घटक १० टक्क्यांच्या आत. बॅचचे हे आकडे लेबलवर आहेत, उत्तम.

पॅकिंगमध्ये मात्र माती खाल्लीय. काच गडद आहे, पण ड्रॉपरचं रबर तेलाने फुगून चिकट होतं आणि बाटलीत हवा शिरते. मग तेल खराब होऊन त्यातलं पॅरा-सायमीन हे रसायन वाढतं, वास टर्पेंटाइनसारखा उग्र होतो, त्वचेवर पुरळ उठतं. असं तेल सरळ टाकून द्या.

चिखल्यांना १ भाग तेल, ३ भाग खोबरेल. रोज २ वेळा, ४ आठवडे. आधी कोपराच्या आत थेंबभर लावून बघा. नखाच्या बुरशीवर फार आशा नको, नखात ते खोल मुरत नाही. पोटात घेतलं तर विषारी.