ओएलआरचा अंदाज: इंटरपोलेटेड मालिका घ्यावी की हर्सची?

पृथ्वीवरून अवकाशात निसटणाऱ्या उष्णतेचा, म्हणजे ओएलआरचा, रोजचा अंदाज बांधायचं मनात आलं की पहिला हात जातो तो नोआ या अमेरिकी हवामान-समुद्र संस्थेच्या इंटरपोलेटेड मालिकेकडे. माझाही तिकडेच गेला होता. जून १९७४ पासूनची नोंद, अडीच अंशांची जाळी आणि खळगे आधीच बुजवलेले. १९७८ मधले काही महिने गायब आहेत, तेवढं सोडलं तर कुठे अडत नाही. हर्स या उपग्रहावरच्या अवरक्त उपकरणाची दैनिक मालिका १९७९ पासूनची आणि एक अंशाची, म्हणजे सव्वासहा पट चौकोन. माझा संगणक तेव्हा कुरकुरलाच.

मॉडेल १९९४ पर्यंतच्या वर्षांवर शिकवलं, पुढची वर्षं चाचणीला ठेवली. समुद्रावर काम झकास. मग सहज म्हणून सहारातला एक चौकोन काढून पाहिला. ढग नाहीत, पाऊस नाही, चुकायला काही कारणच नाही. तरीही १९९५ पासून अंदाज सारखा खालीच. दोन दिवस मी हंगामी सरासरी वजा करणाऱ्या ओळी तपासत बसलो. चूक तिथे नव्हतीच. जुनी मालिका ज्या उपग्रहांच्या नोंदींवर उभी आहे, त्यांतला नोआ-११ हा १९८८ सालचा. सुरुवातीला तो भर दुपारी विषुववृत्त ओलांडायचा, पण घसरत घसरत १९९४ पर्यंत त्याची वेळ जवळजवळ पाचवर आली. १९९५ मध्ये नोआ-१४ पुन्हा दुपारच्या वेळेला हजर. दीडची वाळू आणि पाचची वाळू यांत किती फरक, हे काय सांगायचं! कागदावर वाळवंट वर्षानुवर्षं निवत गेलं आणि उपग्रह बदलताच एकदम तापलं. माझं मॉडेल हवामानाऐवजी उपग्रहाचं वेळापत्रक पाठ करत होतं.

हर्समध्ये त्याच चौकोनाचा आलेख काढला, तर ती पायरी मला डोळ्यांनी सापडली नाही. एका आलेखावरून निकाल देऊ नये, हे मान्य. पण कारण पटण्यासारखं आहे. जुन्या मालिकेत एव्हीएचआरआर या उपग्रहावरच्या उपकरणाच्या एकाच खिडकीतून, सुमारे १० ते १२ मायक्रॉन तरंगलांबीतून, सगळ्या ओएलआरचा हिशेब लावलेला असतो. हर्समध्ये बाष्पाच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या पट्ट्यांतले चॅनेलही धरतात आणि दिवसभरातला चढउतार भूस्थिर उपग्रहांच्या मदतीने सावरतात.

सेरेसचं, म्हणजे पृथ्वीची उष्णता थेट मोजणाऱ्या नासाच्या उपकरणांचं काय, असं कोणीतरी विचारणारच. मोजमाप म्हणून ते उजवंच, पण त्याची नोंद मार्च २००० पासूनची. १९८२-८३ आणि १९९७-९८ चे दोन्ही दांडगे एल निनो हातचे जातात. शिवाय त्यातली सगळ्यांच्या ओळखीची ईबीएएफ मालिका मासिक आहे. मी सेरेस पडताळणीपुरतं ठेवलंय.

तुम्हाला फक्त एमजेओ, म्हणजे विषुववृत्तालगत महिना-दोन महिन्यांत पूर्वेकडे सरकणारा ढग-पावसाचा पट्टा, पकडायचा असेल तर एवढं मनावर घेऊ नका. आरएमएम हा एमजेओ मोजायचा निर्देशांक काढताना आधीच्या १२० दिवसांची सरासरी वजा होते, त्यात ही सावकाश घसरण बऱ्यापैकी धुऊन निघते. तिथे जुनी, हलकी मालिका पुरते. मात्र अंदाजात जमीन येणार असेल, वर्षानुवर्षांचा कल लागणार असेल, तर मी तरी जास्तीची मेमरी घेईन. जुनी फाइल अजून डिस्कवर आहे. हिंदी महासागरावरचे झटपट आलेख काढायला तीच उघडतो.