सारांश शिकवताना: आधी गाळायचं की आधी सांगायचं?

आठवी ते दहावीच्या वर्गाला सारांशलेखन शिकवायचं म्हटलं, की शिक्षकापुढे दोन वाटा असतात. पहिलीत मुलं उताऱ्यातल्या महत्त्वाच्या वाक्यांखाली रेघा मारतात, फापटपसारा काढतात आणि उरलेलं जोडतात. तिला मी गाळणी म्हणते. दुसरीत मुलं उतारा वाचून पुस्तक मिटतात, शेजारच्याला आपल्या शब्दांत सांगतात आणि मगच लिहितात. ही सांगणी. बहुतेक वर्गांत गाळणी चालते. मीही अनेक वर्षं तीच चालवली. आता माझा कौल सांगणीला आहे, पण गाळणी टाकून द्यावी असं मात्र मला वाटत नाही.

दोन्ही एकाच उताऱ्यावर लावून पाहू. उतारा साधारण साठ शब्दांचा आहे:

«बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर बेसाल्ट खडकावर उल्का आदळून तयार झाले. त्याच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. सरोवराचे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये हे पाणी अचानक गुलाबी झाले. पाण्यातील मिठाचे प्रमाण वाढले, की मीठप्रिय सूक्ष्मजीव झपाट्याने वाढतात आणि त्यांच्या रंगद्रव्यामुळे पाण्याला हा रंग येतो, असे तपासणीत आढळले. त्याच वर्षी या सरोवराला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ) स्थळाचा दर्जा मिळाला.»

गाळणीतून साधारण असं उतरतं:

«लोणार सरोवर उल्का आदळून तयार झाले. पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. सूक्ष्मजीव झपाट्याने वाढतात.»

बरोबर वीस शब्द, म्हणजे एकतृतीयांश. चूक एकही नाही. पण पाणी गुलाबी का झालं, हे यातून कळत नाही. उताऱ्याचा जीव ‘मीठ, मग सूक्ष्मजीव, मग रंग’ या साखळीत होता आणि रेघा मारताना नेमकी तीच तुटली. वाक्यं उचलली गेली, त्यांना बांधणारं कारण मागे राहिलं.

सांगणीतून असं येतं:

«उल्का पडून झालेल्या लोणारच्या तळ्यात खूप मीठ आहे. उन्हाळ्यात पाणी आटून मीठ वाढलं, मग मिठात वाढणारे जीव वाढले आणि त्यांच्या रंगाने तळं गुलाबी झालं.»

इथे साखळी शाबूत आहे, कारण सांगताना ‘मग काय झालं?’ या प्रश्नातून सुटका नसते. ऐकणारा तो विचारतोच. दोष वेगळा आहे: उन्हाळा आणि पाणी आटणं उताऱ्यात कुठेच नाही. मुलाने ते घरचं घातलं. खरं असेलही, पण लेखकाने ते म्हटलेलं नाही. सांगणीची मोठी जोखीम हीच, आणि म्हणून सांगून लिहून झाल्यावर पुस्तक पुन्हा उघडून पडताळा घेणं सोडता येत नाही. ते तीन शब्द काढले, की उरतात एकवीस. म्हणजे गाळणी इथेही लागली, फक्त तिची पाळी नंतर आली. मुलाने आधी समजून घेतलं, मग छाटलं.

ॲन ब्राउन आणि जीन डे या मानसशास्त्रज्ञांचा १९८३ चा अभ्यास याच संदर्भात महत्त्वाचा आहे. लहान मुलं मजकूर जवळजवळ जसाच्या तसा उतरवतात आणि मधली वाक्यं वगळतात, असं त्यांना आढळलं. किरकोळ माहिती वगळणं मुलांना लवकर जमतं. उताऱ्यात नसलेलं मध्यवर्ती वाक्य स्वतः घडवणं सगळ्यांत उशिरा येतं, मोठ्या विद्यार्थ्यांनाही ते जड जातं. गाळणी मुलाला सोप्या पायरीवरच ठेवते. त्याला वगळता येतंच होतं, आपण पुन्हा तेच शिकवतो.

लक्षात राहण्याच्या बाबतीतही सांगणी उजवी आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली, तेव्हा मजकूर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले.

‘स्वतःच्या शब्दांत’ या सूचनेचा मुलं काय अर्थ घेतात, हेही बघायला हवं. बऱ्याच जणांना ती समानार्थी शब्दांची अदलाबदल वाटते. सरोवराचं तळं होतं, पाण्याचं जल होतं, वाक्याचा सांगाडा मात्र तोच. उल्का, बेसाल्ट यांसारखे शब्द बदलायचेच नसतात, हे स्पष्ट सांगावं लागतं. शिवाय स्वतःच्या शब्दांत म्हणजे थोडक्यात, असंही नाही. ज्ञानेश्वरीत गीतेच्या ७०० श्लोकांच्या सुमारे ९००० ओव्या झाल्या. निरूपण मुळापेक्षा मोठं होऊ शकतं. अर्थ उलगडणं आणि आटोपशीर करणं ही दोन कामं आहेत. गाळणीत ती एकात मिसळतात, आणि मूल दुसऱ्याच्या नादात पहिलं विसरतं.

माझं मत सगळ्यांत जास्त बदललं ते घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांमुळे. पुस्तकी मराठीतला उतारा समोर उघडा असला, की त्यातली काही मुलं एकही शब्द इकडचा तिकडे करत नाहीत. छापलेलं बरोबर आणि आपलं चूक, ही भीती खोल असते. पुस्तक मिटून ‘घरी आजीला सांगशील तसं सांग’ म्हटलं, की तीच मुलं खुलतात. घरच्या भाषेत सांगितलेलं मग प्रमाण मराठीत लिहायचं. त्या टप्प्यावर समजलंय की नाही, हा प्रश्नच उरलेला नसतो, फक्त लिहिण्याची मेहनत असते. गाळणीत हे घडायला जागाच नाही.

आता सांगणीच्या अडचणी. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात जोड्या पाडल्या, की गलका होतो. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत एकच छोटा उतारा होतो, आणि वह्या तपासायला जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येकाचं लिखाण वेगळं असतं. गाळणीच्या वह्या भराभर तपासून होतात. व्याख्या, आकडे, नियम यांनी भरलेल्या मजकुरालाही गाळणीच योग्य; विज्ञानातला नियम सैल शब्दांत सांगितला, तर तो नियम राहत नाही.

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत अपठित उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश पत्रलेखनाला पर्याय म्हणून येतो. तुमच्या हाती दहावीचा वर्ग असेल आणि परीक्षा महिन्यावर आली असेल, तर गाळणीच करा, फक्त एक भर घाला: रेघा मारून झाल्यावर प्रत्येक दोन वाक्यांमध्ये ‘म्हणून’, ‘पण’ की ‘कारण’ बसतं, ते मुलांना समासात लिहायला लावा. तुटलेली साखळी बरीचशी तिथेच जुळते. आठवीचा वर्ग असेल, तर जूनमध्ये रेघांचा विषयही काढू नका. दिवाळीपर्यंत वाचणं, पुस्तक मिटणं, सांगणं आणि उघडून पडताळणं, एवढंच. शब्द मोजायला दुसरं सत्र आहे.