किल्ले, लॉख आणि बेटे : सोळा जणांच्या गाडीतून स्कॉटलंडचे पाच दिवस

गेल्या जूनमध्ये आम्ही चौघांनी, म्हणजे मी, माझी पत्नी, माझे मेहुणे आणि त्यांच्या सौभाग्यवती यांनी, एडिंबऱ्याहून निघणारी पाच दिवसांची लहान गटाची सहल केली. ज्यांची मुले इंग्लंडमध्ये नोकरीला आहेत असे बेळगाव आणि खानापूरकडील अनेक परिचित आम्ही परतल्यापासून या सहलीची चौकशी करीत आहेत, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशा सहली तेथील अनेक कंपन्या काढतात आणि मला जे सांगायचे आहे ते सहलीच्या या पद्धतीविषयी आहे. माझे मत प्रथमच नोंदवतो. मोठ्या बसपेक्षा लहान गटासाठी जे जादा पैसे मोजावे लागतात ते वसूल होतात, कारण गाडी हवी तेथे थांबवता येते आणि गाईडला प्रत्येकाच्या शंकेला उत्तर द्यायला सवड मिळते. मात्र पाच दिवसांत जेवढे बसवले आहे तेवढे बसत नाही, हेही तितकेच खरे आहे.

गाडी सोळा आसनांची होती आणि चालक हाच गाईड होता. सामानासाठी प्रत्येकी एका मध्यम बॅगेची मर्यादा होती व ती काटेकोरपणे पाळली गेली. सोबतच्या प्रवाशांत ऑस्ट्रेलिया, कॅनडा व जर्मनीतील मंडळी होती. आम्ही चौघे सोडून मराठी कोणी नव्हते, तरी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळे एकमेकांना नावाने हाक मारू लागले होते.

पहिल्या दिवशी स्टर्लिंगचा किल्ला होता. मी हायस्कुलात इतिहास शिकवीत असे आणि दरवर्षी मुलांना राजहंसगडावर किंवा वल्लभगडावर घेऊन जात असे, त्यामुळे किल्ला पाहताना माझे डोळे आधी त्याची जागा शोधतात. स्टर्लिंगची जागा पाहताच पटते. सपाट मुलखातून एकच कातळ उठलेला आहे आणि त्याच्या पायथ्याशी फोर्थ नदी वळणे घेत जाते. उत्तरेकडे जाणाऱ्या फौजेला ही नदी ओलांडावी लागे आणि म्हणून 1297 ची स्टर्लिंग पुलाची लढाई व 1314 ची बॅनकबर्नची लढाई या दोन्ही याच परिसरात झाल्या. गाईडने तटावर उभे राहून हाताने दिशा दाखवीत हे समजावून सांगितले. त्यासाठी त्याने जी वीस मिनिटे घेतली ती मला आतील सजवलेल्या दालनांपेक्षा मोलाची वाटली. किल्ल्यासाठी एकूण दीड तास दिला होता, तो अपुरा पडला.

तेथे मी त्याला एक गोष्ट सांगितली. 1818 मध्ये बेळगावच्या किल्ल्याला वेढा घालून तो जिंकणारा टॉमस मन्रो हा ग्लासगोत जन्मलेला स्कॉटिश माणूस होता. गाईडला हे ठाऊक नव्हते. त्याने खिशातून वही काढून मन्रोचे नाव आणि आमच्या गावाचे नाव लिहून घेतले आणि ‘बेळगाव’चा उच्चार माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. चाळीस जणांच्या बसमध्ये असे बोलणे झाले नसते.

‘लॉख’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आम्हीही निघताना त्याचा अर्थ तलाव एवढाच धरून चाललो होतो. स्कॉटलंडमध्ये गोड्या पाण्याच्या सरोवरालाही लॉख म्हणतात आणि जमिनीत लांबवर शिरलेल्या समुद्राच्या खाडीलाही लॉखच म्हणतात. लॉख लोमंड हे क्षेत्रफळाने ब्रिटन बेटावरील सर्वांत मोठे सरोवर आहे, सुमारे 71 चौरस किलोमीटरचे, आणि त्याचे पाणी गोडे आहे. उलट आयलीन डोननचा किल्ला ज्या तीन लॉखांच्या संगमावर उभा आहे ती तिन्ही खाऱ्या पाण्याची आहेत. ओहोटीच्या वेळी तेथे उघड्या पडलेल्या चिखलाला आणि शेवाळाला कारवारच्या खाडीसारखा वास येतो.

दुसरा दिवस बेटांचा होता आणि संपूर्ण सहलीत तोच सर्वांत समृद्ध होता. ओबानहून फेरीबोटीने सुमारे पन्नास मिनिटांत मल बेटावर पोहोचता येते. वाटेत मॅक्लीन घराण्याचा ड्युआर्ट किल्ला अगदी जवळून दिसतो. पुढे बेटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे साठ किलोमीटरचा रस्ता बहुतेक ठिकाणी एकाच गाडीपुरता रुंद आहे. ठरावीक अंतरावर कडेला जागा सोडून तेथे पाटी लावलेली असते. समोरून गाडी येताना दिसली की ज्याला जागा जवळ तो आधी थांबतो, दुसरा पुढे निघून जातो आणि जाताना चालक स्टिअरिंगवरून हात उचलून आभार मानतो. चोर्ला घाटात समोरून ट्रक आला की जी ओढाताण होते ती आठवून मेहुण्यांनी या हात उचलण्याची मोजदाद सुरू केली आणि साठापुढे सोडून दिली. मोठी बस या रस्त्यावर चालते, परंतु ती मध्येच थांबू शकत नाही. आमची गाडी थांबली. लॉखच्या काठावर दगडांमध्ये एक पाणमांजर शिंपला फोडून खात होते. गाईडने इंजिन बंद केले आणि आम्ही दहा मिनिटे काचेआडून ते पाहिले. ओल्या केसांचे झुबके, दोन्ही पुढच्या पंजांत धरलेला शिंपला आणि प्रत्येक घासागणिक वर होणारी मान, हे सगळे पंधरा पावलांवरून दिसत होते.

मलच्या टोकावरून लहान बोटीने दहा मिनिटांत आयोना येते. पर्यटकांच्या गाड्यांना या बेटावर परवानगी नाही, त्यामुळे सगळे पायी फिरतात. आयर्लंडहून आलेल्या संत कोलंबाने येथे 563 मध्ये मठ स्थापन केला आणि स्कॉटलंडमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रसार प्रामुख्याने येथून झाला. मठासमोर आठव्या शतकातील दगडी क्रूस आजही आपल्या मूळ जागी उभा आहे. बाराशे वर्षांच्या समुद्री वाऱ्याने त्याचे कोरीव काम झिजले आहे, तरी एका बाजूची वेटोळी नक्षी बोटाने गिरवता येईल इतकी स्पष्ट आहे. आमच्या सौभाग्यवतींनी चपला काढून ठेवल्या आणि त्या बराच वेळ तेथे हात जोडून उभ्या राहिल्या. कोणीही त्यांच्याकडे वळून पाहिले नाही.

याच दिवशी दुपारी स्टाफा बेटावर जायचे होते. षटकोनी खांबांच्या बेसाल्टची ती गुहा पाहण्याची मला विशेष ओढ होती, कारण मल्पेजवळच्या सेंट मेरी बेटावरील दगडी खांब मी पाहिलेले आहेत. समुद्र खवळल्यामुळे बोट रद्द झाली. समुद्रापुढे कोणाचा इलाज नाही, हे आम्हाला मान्य आहे. तक्रार वेगळी आहे. कंपनीच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर स्टाफाचे मोठे छायाचित्र आहे आणि हवामान अनुकूल असल्यासच तेथे जाता येईल ही अट मात्र शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. बोटीचे पैसे परत मिळाले, पण त्यासाठी घरी आल्यावर दोन वेळा ई-मेल पाठवावे लागले. किल्ल्यांची प्रवेशशुल्के आणि दुपारचे व रात्रीचे जेवण भाड्यात धरलेले नाही, हेही नोंदणी करतानाच ठळकपणे सांगायला हवे होते. आमच्या गटातील दोघांना ते गाडीत बसल्यावर कळले.

तिसऱ्या दिवशी ग्लेनकोची दरी आली. 13 फेब्रुवारी 1692 रोजी पहाटे येथे सरकारी सैनिकांनी मॅकडोनाल्ड घराण्यातील सुमारे 38 जणांना ठार केले. हे सैनिक त्यापूर्वी जवळजवळ दोन आठवडे त्याच लोकांच्या घरी पाहुणे म्हणून राहिले होते, त्यांच्या पंगतीला बसले होते. हायलँड या स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागात आजही या घटनेतील सर्वांत मोठे पाप मानले जाते ते खाल्ल्या मिठाला न जागण्याचे. गाईडने एवढेच सांगितले आणि दरी संपेपर्यंत तो काही बोलला नाही. दोन्ही बाजूंना काळे कडे, त्यांवरून उतरणारे पांढरे ओहोळ आणि मध्ये ओसाड पडलेली हिरवी जमीन. त्या शांततेबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

ग्लेनफिनन येथील 21 कमानींचा रेल्वेपूल आम्ही गर्दीतून पाहिला. वाफेच्या इंजिनाची गाडी जाईपर्यंत तासभर थांबावे लागले. तो तास स्टर्लिंगला दिला असता तर अधिक बरे झाले असते, असे माझे मत आहे.

मॅलेगहून फेरीबोटीने स्काय बेटावर उतरलो आणि पहिल्याच वळणावर पाटी दिसली : वर गेलिक, म्हणजे हायलँडची जुनी भाषा, खाली इंग्रजी. पुढे गावोगावी तशाच पाट्या होत्या. आम्हा सीमाभागातील मराठी माणसांना पाटीवरील अक्षरांचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे आमच्या चौघांचे लक्ष डोंगरांवरून निघून पाट्यांवरच खिळले. स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी झालेल्या 1745 च्या उठावाचा 1746 मध्ये कलोडन येथे पराभव झाल्यावर हायलँडचा वेश घालण्यावर कायद्याने बंदी आली, ती 1782 पर्यंत टिकली. पुढे मेंढपाळीसाठी गावेच्या गावे उठवली गेली, माणसे अमेरिकेत व कॅनडात गेली आणि भाषा विरळ होत गेली. आज गेलिक बोलणारे सुमारे 70 हजार आहेत. 2005 मध्ये स्कॉटिश संसदेने तिच्यासाठी कायदा केला आणि स्काय बेटावर 1973 पासून गेलिकचे महाविद्यालय चालू आहे. गाईडची आजी गेलिक बोलत असे, त्याच्या आईला ती केवळ समजत असे आणि त्याने स्वतः ती वयाच्या तिसाव्या वर्षी रात्रीच्या वर्गात शिकून घेतली. त्याने आजीची एक ओवीसारखी लहान कविता म्हणून दाखवली. मी त्याला जात्यावरची एक ओवी ऐकवली. त्या संध्याकाळी दहा वाजून गेल्यावरही पोर्ट्रीच्या बंदरावर उजेड होता आणि आम्ही बोलत बसलो होतो.

चौथा दिवस संपूर्ण स्कायसाठी ठेवलेला होता. ट्रॉटरनिशचे कडे पाहिल्यावर आपल्या सह्याद्रीची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथेही लाव्हाचे थर एकावर एक पायऱ्यांसारखे बसलेले आहेत. फरक असा की त्यांच्याखालचे जुने मऊ खडक वरचा भार सहन करू शकले नाहीत, त्यामुळे कड्यांचे प्रचंड भाग घसरले आणि सुमारे पन्नास मीटर उंचीचा स्टॉरचा सुळका त्या घसरणीत एकटा उभा राहिला. सुळक्यापर्यंतची चढण राजहंसगडापेक्षा कठीण आहे आणि पावसात ती निसरडी होते. आमच्या वहिनींचा गुडघा दुखत असल्याने त्या अर्ध्या वाटेवरून परतल्या, तेव्हा गाईडने खाली येऊन त्यांना गाडी उघडून दिली व गरम चहा दिला. वारा पडला की तेथे चिलटांचे थवे येतात आणि ती कडकडून चावतात. चेहऱ्यावर घ्यायच्या बारीक जाळ्या गाडीत ठेवलेल्या होत्या, ही व्यवस्था चांगली होती.

शाकाहारी माणसांनी जेवणाची तयारी घरूनच करावी. सकाळची न्याहारी मुक्कामाच्या घरांत उत्तम मिळते, परंतु रात्री लहान गावांत स्वयंपाकघरे लवकर बंद होतात आणि शाकाहारी पदार्थ एखादाच असतो. आम्ही जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी नेली होती. ती पाचही दिवस पुरली आणि कॅनडाच्या एका आजींनी चटणीची कृती लिहून घेतली. ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेण्यावर बंदी असल्याने कुंदा मात्र नेता आला नाही.

शेवटच्या दिवसाविषयी माझी मोठी तक्रार आहे. स्कायहून निघून आयलीन डोनन आणि लॉख नेसवरील अर्कर्टचा किल्ला पाहून रात्री एडिंबऱ्याला पोहोचायचे, हे एका दिवसाचे काम नव्हे. आयलीन डोननला केवळ चाळीस मिनिटे मिळाली. पोस्टकार्डांवर सर्वत्र दिसणारा हा किल्ला 1719 मध्ये सरकारी युद्धनौकांनी उद्ध्वस्त केला होता आणि आज आपण पाहतो ती इमारत 1912 ते 1932 या काळात नव्याने उभारलेली आहे. गाईडने ही गोष्ट आत जाण्यापूर्वीच सांगितली, हे मला आवडले. आपल्याकडे किल्ल्यांच्या डागडुजीविषयी जो वाद चालतो त्याच्या दृष्टीने हा किल्ला नीट पाहण्यासारखा आहे, पण त्यासाठी चाळीस मिनिटे पुरत नाहीत.

अर्कर्टला कोणीही काही नव्याने बांधलेले नाही. 1692 मध्ये सरकारी सैन्याने जाताना, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून, तो सुरुंगाने उडवला. प्रवेशद्वाराजवळ त्या स्फोटात कोसळलेला दगड-चुन्याचा भलामोठा तुकडा अजून जसाच्या तसा पडून आहे. मी त्यावर हात ठेवला. चुना दगडाइतकाच कठीण झालेला होता आणि सांध्यात खडे स्पष्ट दिसत होते. 1818 नंतर आपल्या डोंगरी किल्ल्यांच्या वाटा व पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून तोडल्या, तेथील दगडही असेच पडलेले मी पाहिले आहेत. खाली लॉख नेसचे पाणी पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या, मातीमुळे चहासारखे काळपट होते. इंग्लंड आणि वेल्समधील सर्व सरोवरांचे पाणी एकत्र केले तरी या एका लॉखात त्याहून अधिक पाणी आहे.

तेथे गाईडने पहिल्या दिवशीची वही काढली आणि बेळगावच्या किल्ल्याचा खंदक आजही आहे का, असे विचारले. मी त्याला फोनमधील छायाचित्र दाखवले. खंदक, त्यातील पाणी आणि मागची तटबंदी पाहत त्याने आणखी प्रश्न विचारले, पण गाडी निघायची वेळ झाली होती. पुढील साडेतीन तास आम्ही जवळजवळ न थांबता प्रवास केला. कंपनीच्या अभिप्राय-पत्रात मी सहा दिवसांची सहल करावी आणि ग्लेनफिननचा तास कमी करावा, असे लिहून दिले आहे.