करिअर कोच घ्यावा का? पाच सेशन झालेत, माझा अनुभव सांगते

आधीच सांगते, कोचचं नाव देणार नाही, इनबॉक्समधे विचारू नका. नावापेक्षा घ्यायचा की नाही हे कसं ठरवायचं ते जास्त कामाचं आहे, आणि त्यात माझे जवळजवळ दोन महिने गेले.

मी चाकणला क्वालिटीत आहे, 16 वर्षं एकाच कंपनीत. आम्ही इंजिनाचे व्हॉल्व्ह बनवतो. इलेक्ट्रिक गाडीला व्हॉल्व्ह लागत नाही, एवढं सांगितलं की माझं टेन्शन काय असेल ते तुम्हाला कळलंच असेल. त्यात मागच्या दिवाळीनंतर साहेबांनी बोलवून सांगितलं की होसूरच्या प्लांटला क्वालिटी हेड म्हणून जाणार का, पगार चांगला, घर कंपनीचं. होसूर म्हणजे तमिळनाडू, बंगळुरूच्या खाली. मुलगा नववीत, मिस्टर बँकेत, सासूबाई आमच्याकडे. घरी सगळे म्हणाले तुझं तू ठरव, आणि सगळ्यांनी असं म्हटलं की काय होतं ते बायकांना माहितीये.

तर रात्री साडेअकराला मोबाईल घेऊन पडलं की बरोब्बर त्याच जाहिराती येतात. 99 रुपयांचा वेबिनार, रविवारी सकाळी 11 वाजता, म्हटलं 99 रुपयात वडापाव पण घरातल्या सगळ्यांना पुरत नाही, बघू काय सांगतात. अडीच तास! त्यातला एक तास तो माणूस स्वतःची गोष्ट सांगत होता, दर पाच मिनिटांनी "समजलं असेल तर चॅटमधे येस टाइप करा", आणि शेवटी 80 हजारचा प्रोग्रॅम आज रात्री 12 पर्यंत 50 हजारात. मी काही घेतला नाही. सोमवारी लंचमधे त्यांच्या ऑफिसमधून फोन, ऑफर तुमच्यासाठी होल्ड केलीये मॅडम. मी म्हटलं घरी विचारते. तर ती मुलगी म्हणते, मॅडम हेच तुमचं लिमिटिंग बिलीफ आहे, स्वतःवर खर्च करायचा तर दुसऱ्याची परवानगी का लागते. आता बघा, वाक्य तसं चुकीचं नाहीये, म्हणूनच जास्त राग आला. ईएमआय करून देतो म्हणाली, मी म्हटलं जेवण गार होतंय आणि ठेवला फोन.

पण त्यानंतर मी नीट माहिती काढली, आमच्या लाईनीतल्या माणसाला सवयच असते, कागद बघितल्याशिवाय माल पास करत नाही. पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला कसलंही सरकारी लायसन्स लागत नाही. उद्या मी पण प्रोफाइलवर करिअर कोच लिहू शकते. जगभर जे त्यातल्या त्यात मानतात ते इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं, म्हणजे आयसीएफचं क्रेडेन्शियल (कोच म्हणून पात्रतेचं प्रमाणपत्र), ही संस्था 1995 पासून आहे. त्यांच्या तीन पायऱ्या आहेत, एसीसीला किमान 60 तासांचं ट्रेनिंग आणि 100 तास कोचिंग केल्याचा अनुभव, पीसीसीला 125 आणि 500, एमसीसीला 200 आणि 2500 तास. इथे एक मेख आहे. "आयसीएफ मान्यताप्राप्त कोर्स केला" आणि "आयसीएफचं क्रेडेन्शियल आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बरेच जण पहिली सांगून दुसरी असल्यासारखं दाखवतात. शिवाय क्रेडेन्शियल दर तीन वर्षांनी रिन्यू करावं लागतं. आमच्याकडे व्हर्नियरवर, म्हणजे माप घ्यायच्या साधनावर, कॅलिब्रेशनचा (ते अचूक मोजतं हे तपासल्याचा) स्टिकर असतो ना, त्याच्यावरची ड्यू डेट बघायची असते, नुसता स्टिकर आहे म्हणून खूश व्हायचं नसतं, अगदी तसंच. त्यांच्या साइटवर नाव टाकून चेक करता येतं, दोन मिनिटाचं काम.

जीएसटीचं पण बघा. 18 टक्के लागतो, पण सर्व्हिसवाल्याची वर्षाची उलाढाल 20 लाखाच्या आत असेल तर साधारणपणे त्याला रजिस्ट्रेशन लागत नाही, त्यामुळे नंबर नाही म्हणून कोच फ्रॉड असं नाही. पण नंबर नसताना बिलात जीएसटी लावला तर मात्र तिथूनच मागे फिरा.

मला कोच मिळाली ती आमच्याकडून सोडून गेलेल्या एका मैत्रिणीच्या ओळखीतून. पीसीसी आहे, आधी एचआरमधे होती. पहिला अर्ध्या तासाचा कॉल फुकट होता, आणि त्यात तिने मला दोन वेळा सांगितलं की मी तुम्हाला नोकरी शोधून देणार नाही, रेझ्युमे करून देणार नाही, आणि होसूरला जा की नको जाऊ हे पण सांगणार नाही. मी मनात म्हटलं मग बाई तू करणार काय? सासूबाईंना सांगितलं तर त्या सरळच म्हणाल्या, "म्हणजे पैसे तू द्यायचे आणि प्रश्न तिने विचारायचे?" तर हो, साधारण तसंच आहे ते. एका सेशनचे 3500, सहाचे 21 हजार, जीएसटी धरून 24,780. मी सहा एकदम घेणार नाही म्हटलं, आधी एक करून बघते, तर ती लगेच हो म्हणाली. एग्रीमेंट पाठवलं, दोन पानी, बोललेलं कोणाला सांगणार नाही, सेशन कॅन्सल करायचं तर 24 तास आधी कळवायचं, मधे सोडलं तर उरलेले पैसे परत. मी रीतसर सही केली.

पहिलं सेशन खरं सांगायचं तर फुकट गेलं, आणि त्यात तिच्यापेक्षा माझी चूक जास्त. मी सगळं इंग्लिशमधे बोलत होते, कस्टमर ऑडिटला बोलतो तसं, ग्रोथ, एक्स्पोजर, वर्क लाइफ बॅलन्स. शेवटी तीच म्हणाली पुढचं मराठीत करूया का. ती मूळची सांगलीची निघाली!

दुसरं सेशन शनिवारी सकाळी होतं, बेडरूमचं दार लावून बसले, बाहेर सासूबाईंनी कुकर लावलेला. मी आपली सांगतेय, मुलाची दहावी झाली की बघू, मिस्टरांची बदली होते का बघू, कंपनी मोटारचे पार्ट घेतेय का बघू. तर ती म्हणाली, "तुम्ही आत्तापर्यंत सात वेळा बघू म्हणालात. कोण बघणार आहे?" आणि गप्प बसली. मला वाटलं नेट गेलं. नेट गेलं नव्हतं, ती स्क्रीनवर पापण्या मिटत होती. बाहेर कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी ती काही बोलेना, आणि मग माझ्याच तोंडातून निघालं की मला होसूरला जायचंच नाहीये, आणि ते मुलामुळे नाहीये. मला हेडचं काम नकोय. रात्री दोनला डिस्पॅच अडकलं म्हणून येणारे फोन, महिन्याचं रिव्ह्यू प्रेझेंटेशन, माणसं सांभाळणं, यातलं काहीच नकोय. मला ऑडिट आवडतं. सप्लायरच्या शॉपवर चेकलिस्ट घेऊन फिरायचं, बोलता बोलता एखाद्या ऑपरेटरच्या ड्रॉवरमधे जुनं ड्रॉइंग सापडतं, रिव्हिजन दोन मागची, तेव्हा जो आनंद होतो तो मला प्रमोशनच्या लेटरने पण झाला नव्हता. पण 16 वर्षांनी समोरून आलेलं प्रमोशन नको म्हणायची लाज वाटत होती आणि ती लाज मी मुलाच्या दहावीच्या मागे लपवली होती. बिचारा पोरगा.

आता हे मला कोणी मैत्रिणीने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? नसतं. मैत्रीण गप्प बसत नाही ना, ती लगेच स्वतःच्या नणंदेचं सांगायला लागते. कंपनीत रिजेक्शन आलं की आम्ही पाच वेळा का विचारतो, पहिल्या का ला उत्तर येतं ते नेहमी ऑपरेटरची चूक. स्वतःच्या बाबतीत मी पहिल्याच का वर थांबले होते.

तक्रारी पण आहेत, नाहीतर म्हणाल जाहिरात करतेय. तिसऱ्या सेशनला तिने ते चक्र काढायला लावलं, आयुष्याचे आठ भाग आणि प्रत्येकाला दहापैकी मार्क द्या, मला एकदम कॉलेजच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिराची आठवण आली, त्यातून काही निघालं नाही. दोनदा तिनेच वेळ बदलली, 24 तासाचा नियम मग फक्त माझ्यासाठीच का? आणि आमच्या फिल्डमधलं तिला काही माहिती नाही, आयएटीएफ (गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांचं क्वालिटी स्टँडर्ड) म्हणजे काय हे समजावण्यात माझीच दहा मिनिटं गेली, म्हणजे साधारण सहाशे रुपये झाले.

शेवटी झालं काय, तर चौथ्या सेशननंतर मी साहेबांना मेल करून होसूरला नाही कळवलं, आणि त्याच मेलमधे सप्लायर क्वालिटीत बदली मागितली, कारण आपली कंपनी आता मोटारचं हाउसिंग बाहेरून घ्यायला लागलीये. लीड ऑडिटरचा पाच दिवसांचा कोर्स स्वतःच्या पैशाने केला. साहेब दोन दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले, "ठीक आहे, बघू." मी विचारलं सर कधीपर्यंत? ते हसले, पण मार्चएंडपर्यंत म्हणाले. अजून ऑर्डर आलेली नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. तुम्हाला नोकरी हवी असेल, रेझ्युमे सुधारायचा असेल तर कोचकडे जाऊ नका, ओळखीतल्या सिनियरला चहा पाजा, आणि केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल 2015 पासून आहे, फुकट आहे, तिथे आधी बघा. झोप लागत नाही, रडू येतं, उठावंसंच वाटत नाही असं चाललं असेल तर ते कोचचं काम नाही, ते डॉक्टरचं, चांगला कोच स्वतःच तसं सांगतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आणि लाखभर पगारवाढीची गॅरंटी देणारा असेल तर त्याला आधी लेखी मागा, पुढे फोनच येणार नाही.

पण एकच प्रश्न तुम्ही चार-सहा महिने डोक्यात फिरवताय, माहिती सगळी आहे, एक्सेल शीट पण करून झालंय आणि तरी ठरत नाहीये, तर एक सेशन करून बघा. एकच. पूर्ण पॅकेज घेतल्याशिवाय सुरू करत नाही म्हणाले तर दुसरा शोधा. आणि घरात बसून करणार असाल तर कुकर आधी लावून घ्या.

माझं सहावं सेशन शिल्लक आहे. ते मी ऑर्डर येईपर्यंत राखून ठेवलंय, आली तरी लागेल आणि नाही आली तरी लागेल.