एच-१बी की एल-१?

कंपनी एल-१वर (समूहातल्या समूहात बदलीचा व्हिसा) अमेरिकेच्या शाखेत पाठवायला तयार, पण मन एच-१बीत (अमेरिकेतल्या नोकरीसाठी तिथल्या कंपनीने मागायचा व्हिसा) अडकलेलं. हिंजवडीत हा पेच नेहमीचा.

आधी मिळण्याचं बघू. एच-१बीच्या वर्षाला ६५,००० जागा, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००. मार्चमध्ये नोंदणी, मग सोडत; काम लवकरात लवकर १ ऑक्टोबरपासून. त्यात सप्टेंबर २०२५च्या आदेशाने अमेरिकेबाहेरच्या नव्या उमेदवारामागे कंपनीवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं. एल-१ला सोडत नाही. मागच्या ३ वर्षांत त्याच समूहात परदेशात सलग १ वर्ष नोकरी पुरते. एल-१बी, म्हणजे मॅनेजर नसलेल्या जाणकारांचा एल-१, अडतो तो ‘विशेष ज्ञाना’वर. नुसतं जावा येऊन भागत नाही. कंपनीच्याच प्रॉडक्टची, बाहेरच्याला चटकन न जमणारी माहिती कंपनीच्या पत्रात उदाहरणांसह लागते. क्लायंटकडे, त्याच्याच देखरेखीखाली बसणार असाल तर अर्ज बहुधा नाकारला जातो.

मुदत साधारण ६ वर्षं एच-१बीला, ५ एल-१बीला, ७ मॅनेजरच्या एल-१एला.

नोकरी बदलताना खरा फरक कळतो. एच-१बीवर नव्या कंपनीचा अर्ज दाखल झाला की रुजू होता येतं. एल-१ त्या समूहालाच बांधलेला. नोकरी गेली की दोन्हींवर अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त ६० दिवस.

जोडीदाराच्या बाबतीत उलट. एल-१वाल्याच्या जोडीदाराला एल-२वर वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं, एच-१बीवाल्याच्या जोडीदारांपैकी बहुतेकांना एच-४वर आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर होईपर्यंत थांबावं लागतं.

जोडीदाराची नोकरी महत्त्वाची असेल किंवा मॅनेजरपद असेल, तर एल-१. तिथे जाऊन कंपन्या बदलायच्या असतील, तर एच-१बी.